पाणी किती आलं?

सांगलीत पावसाळ्यात माणसे भेटली की आधी खुशाली विचारीत नाहीत. विचारतात, 'पाणी किती आलं?' उत्तर फुटांत द्यायचे असते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोक्याची. हे दोन आकडे आमच्या गल्लीतल्या पोरासोरांनाही पाढ्यासारखे पाठ आहेत.

आम्ही नदीकाठच्या जुन्या वस्तीत राहतो. वडिलांनी बांधलेले घर. पुढे ओटा, आत दोन खोल्या, वर माळा. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीसएक वर्षे मास्तरकी करून आम्ही निवृत्त झालो. गल्लीत लहानथोर सगळे 'गुरुजी' म्हणतात. मुलांना 'घाबरायचं नाही' असे सांगण्यात आमची हयात गेली. त्या आमच्याच मनात भीतीने कसे घर केले आणि तिच्यासोबत राहायला आम्ही कसे शिकलो, ते इथे सांगायचे आहे. सांगताना संकोच वाटतो. आपल्या समाजात साखर, ब्लडप्रेशर, गुडघेदुखी यांची चर्चा दस्तरखानावर बसून होते. मनाच्या दुखण्याची मात्र कुणी कुणाला वार्ता लागू देत नाही. म्हणूनच लिहितो आहोत.

२००५चा महापूर आम्ही पाहिला होता. पाणी घरात आले, गेले. असे संकट जन्मात एकदाच येते, असे म्हणून ते मागे टाकले. मग २०१९चा ऑगस्ट आला. पाणी रोज चढत होते आणि आम्ही रोज 'आता थांबेल' म्हणत होतो. शेवटी बोटीतून बाहेर पडावे लागले. पत्नीच्या छातीशी जुजदानात गुंडाळलेले कुरआन शरीफ, आमच्या हातात पेन्शनचे कागद आणि सुनेच्या कडेवर दोन वर्षांचा नातू. एवढाच संसार सोबत. पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. माळ्यावर चढवलेले सामानही भिजले.

मिरजेला मेहुणीच्या घरी राहिलो. १२ ऑगस्टला बकरी ईद होती. परक्या गल्लीत, साडूच्या कपड्यांत ईदची नमाज पढली. त्या वर्षी ओळखीतल्या बऱ्याच जणांनी कुर्बानीचा खर्च आवरता घेऊन उरलेले पैसे पूरग्रस्तांसाठी दिले. आजवर दर ईदला आम्ही देणाऱ्यांत होतो, त्या ईदला घेणाऱ्यांत बसलो. मदत देणाऱ्या तरुणांत आमचाच एक विद्यार्थी होता. त्याने मान खाली घालून पिशवी पुढे केली. आम्हीही मान खाली घालूनच घेतली.

घरी परतलो तेव्हा गुडघाभर गाळ होता. चाळीस वर्षे जमवलेली पुस्तके फुगून कपाटात अशी घट्ट बसली होती की पहारीने काढावी लागली. पंधरा दिवस घर धूत होतो. वास गेला, असे सगळे म्हणाले. आमच्या नाकातून तो गेला नाही.

२०२१ साली २१ जुलैला बकरी ईद झाली. कोरोनाचे दिवस होते, म्हणून नमाज घरीच पढली. लगेच दुसऱ्या दिवसापासून पावसाने जोर धरला आणि पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. पुन्हा मिरज, पुन्हा गाळ. या वेळी पुस्तके नव्हती, त्यामुळे पहार लागली नाही.

नुकसान भरून निघते. पंचनामा होतो, थोडे अनुदान मिळते, मुलगा हातभार लावतो, भिंतींना चुना लागतो. पण मनाचा पंचनामा कोण करणार? त्यानंतर आमचे वागणे हळूहळू बदलत गेले. मोबाईलवर पाण्याची पातळी पाहायची सवय लागली. आधी दिवसातून चारदा, मग तासाला, मग रात्री दोनला उठून. आकडा कमी असला की बरे वाटे, ते पाच मिनिटे. मग वाटे, तेवढ्यात वाढले असेल. ओट्यावर येऊन गटारात बॅटरी मारून पाहत होतो, कारण आमच्याकडे पुराचे पाणी रस्त्याने येण्याआधी गटारातून उलटे येते. झोप नाही म्हणून चहा आणि चहामुळे झोप नाही. दिवसाला आठ-नऊ कप होत. घरात नवी वस्तू आणायची म्हटले की आम्ही चिडत होतो. 'कशाला? बुडवायला?' सून गप्प बसे.

२०२२च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री छातीत धडधड सुरू झाली. श्वास पुरेना, हातपाय गार पडले, तोंडाला कोरड पडली. आता आपले संपले, असे वाटून कलमा पढू लागलो. मुलाने रिक्षाने दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. गॅस आहे म्हणून गोळी देऊन घरी पाठवले. पुढच्या दोन महिन्यांत असे तीनदा झाले. मिरज-सांगली म्हणजे दवाखान्यांची गावे. मिरजेत मिशनचा दवाखाना १८९४ साली सुरू झाला, तेव्हापासून लांबलांबचे रोगी इथे येतात. इथे माणसाच्या प्रत्येक अवयवाचा डॉक्टर सापडतो. आम्ही हृदयाचा पाहिला, पोटाचा पाहिला. मनाचाही असतो, हे डोक्यात आले नाही, किंवा येऊ दिले नाही.

मोहल्ल्यात बातमी फुटलीच. कुणी म्हणाले, नजर लागली. कुणी तावीज आणून दिला. पत्नीने तो दंडाला बांधला, आम्ही बांधू दिला. तिच्या मायेचा तो मान होता. पण एका बुजुर्गांचे बोलणे फार लागले. ते म्हणाले, 'गुरुजी, ईमानवाले कू डर कायका? तवक्कुल रखो.' घरी आलो आणि विचार करीत बसलो. पाच वक्ताची नमाज चुकत नाही, रोजे चुकत नाहीत. मग आपला अल्लाहवरचा भरवसाच कमी पडतो आहे का? भीती होतीच, आता तिच्या जोडीला गुन्ह्याची भावना आली. आजारी माणसाच्या अंगावर याहून जड ओझे कोणते टाकणार?

जाग आणली ती नातवाने. २०२३चा मे महिना होता. आभाळात ढगाचे नाव नाही. दुपारी तो खुर्चीवर चढून आपली प्लास्टिकची मोटार, रंगांची पेटी आणि एक फुटका बॅटरीचा दिवा कपाटाच्या माथ्यावर ठेवीत होता. काय करतोस, विचारले. म्हणाला, 'दादा, हितं पानी नै आता ना?'

सहा वर्षांचे पोर. २०१९चे त्याला काही आठवत नाही, २०२१चे अर्धवट. मग ही भीती त्याला दिली कुणी? पुराने नव्हे, आम्ही दिली. रात्री बॅटरी घेऊन ओट्यावर फिरणाऱ्या आजोबाला ते पोर पांघरुणातून पाहत होते. घर, शेत, भांडीकुंडी पोराबाळांसाठी ठेवून जायची असतात, इथे आम्ही धास्तीचा वारसा देऊन चाललो होतो. त्या दुपारी ठरवले, आता काही तरी करायचे.

पहिल्यांदा पेशइमाम साहेबांकडे गेलो. बुजुर्गांनी सुनावलेले त्यांना सांगितले. त्यांनी शांतपणे ती सर्वांना ठाऊक असलेली हकिकत आठवून दिली. एका माणसाने हजरत मुहंमद पैगंबरांना (स.) विचारले होते की, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का? तेव्हा, आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे त्याला सांगण्यात आले. 'गुरुजी, तवक्कुल तुमच्याकडे आहे. उंट बांधायचा राहिलाय,' ते म्हणाले. 'डॉक्टरकडे जाणं हे पण उंट बांधणंच आहे.'

आमच्या शाळेत शिकलेली एक मुलगी आता डॉक्टर आहे. तिच्याकडे गेलो. जुने कागद चाळून ती म्हणाली, 'सर, हृदय चांगलं आहे. धोका दिसला की शरीर पळायला नाही तर लढायला तयार होतं. ठोके वाढतात, श्वास भराभर होतो. तुमच्या शरीराची ही घंटा धोका नसतानाही वाजायला लागलीय. घंटा खोटी नाही, फक्त तिला कळत नाही कधी थांबायचं.' तिने मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

त्या दवाखान्याच्या बाकावर बसताना मान वर होत नव्हती. समोरच्या बाकावर आमच्याच मोहल्ल्यातला फळांचा गाडीवाला बसलेला. दोघांनी एकमेकांना पाहिले आणि दोघेही भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागलो. आत डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतले. एवढे ऐकून घेतल्यानेच अर्धे ओझे उतरले. त्यांनी एक गोळी दिली. तिचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरे वाटले म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नाही, हे बजावले. सोबत काही सवयी सांगितल्या. गोळी आमच्या बाबतीत वर्षभर चालली. सवयी आजही चालू आहेत.

पहिली सवय, पाणी पाहण्याचे वेळापत्रक. डॉक्टर म्हणाले, दर वेळी आकडा पाहून जो दिलासा मिळतो तोच पुन्हा पाहायला लावतो. खाज खाजवावी तशी ती वाढते. मास्तर माणसाला वेळापत्रक समजते. आम्ही ठरवले, पातळी पाहायची ती जुहरनंतर एकदा आणि मगरिबनंतर एकदा. इशानंतर मोबाईल सुनेच्या खोलीत. काही विशेष असेल तर ती उठवील. पहिले आठ दिवस हात शिवशिवत होते. जीव वरखाली होत होता. पण पाहिले नाही म्हणून पाणी वाढले नाही, हे हळूहळू मनाला पटत गेले.

दुसरी, चहा. आठ कपांचे तीन केले, तेही असरच्या आत. एकदम सोडला असता तर डोके धरले असते, म्हणून आठवड्याला एक कप असा कमी करीत गेलो.

तिसरी, श्वास. धडधड सुरू झाली की सावकाश श्वास घ्यायचा आणि घेतला त्याहून सावकाश सोडायचा. आम्ही तसबीहच्या एकेका मण्यावर एकेक श्वास सोडू लागलो. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती आम्हा नदीकाठच्यांना चटकन उमगली. ही घाबरण्याची लाट पुराच्या पाण्यासारखीच चढते, माथ्याला पोहोचते आणि ओसरते. बहुधा दहा-वीस मिनिटांत. तिच्याशी झोंबायचे नाही, ती ओसरण्याची वाट पाहायची. तिने जीव जात नाही.

चौथी सवय आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. एका रविवारी सगळे घर ओट्यावर बसलो आणि पुराचा कागद केला. ३० फुटांना काय करायचे, ३५ला काय, कुणी काय उचलायचे. दाखले, रेशनकार्ड, बँकेची पुस्तके, औषधे यांची एक पिशवी कायमची भरून ठेवायची. ३८ फूट झाले की बायकामुले मिरजेला. ४० झाले की उरलेल्यांनी कुलूप लावायचे, मग आभाळ निरभ्र असले तरी. वाद घालायचा नाही. कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. रात्री दोन वाजता मन विचारी, 'जायचं का? राहायचं का?' आता ते विचारायचे कारण उरले नाही. उत्तर दिवसाउजेडी देऊन झाले होते. जे हातात होते ते कागदावर आले, उरलेले दुव्यात गेले. काळजीचे असे दोन ढीग केल्यावर कळले की आम्ही इतके दिवस दुसऱ्याच ढिगाखाली दबलो होतो आणि पहिल्याला हातही लावला नव्हता.

त्याच रविवारी पत्नी बोलली. कागद लिहून झाला होता, पोरे आत गेली होती. ती म्हणाली, 'मेरेकू भी नींद नै आती जी. तुम उठते तो मैं जागीच रहती.' दोन वर्षे एका खोलीत आम्ही दोघे जागे होतो, आणि दोघेही एकमेकांसाठी झोपेचे सोंग घेत होतो. आम्हाला निदान ओट्यावर येरझाऱ्या घालता येत होत्या, दवाखान्यात नेले जात होते. तिने सगळे भाकरीच्या पिठात मळून टाकले होते. आपल्या घरांतल्या बायकांच्या डोकेदुखीला, 'कमजोरी'ला आपण कधी नीट विचारतो का? पुढच्या तपासणीला आम्ही दोघे गेलो. तिला गोळी लागली नाही. बोलणे आणि दुपारी थोडी विश्रांती लागली, आणि असरनंतर शेजारणींसोबत ओट्यावर बसणे लागले. रात्रीच्या भाकरी आता दिवसाआड सून करते.

पाचवी सवय चालण्याची. फजरनंतर आमराईत चालायला जाऊ लागलो. पहिल्या आठवड्यात एकटेच होतो. दुसऱ्या आठवड्यात फाटकाजवळ तो फळवाला उभा. काही न बोलता सोबत चालू लागला. तिसऱ्या फेरीला म्हणाला, 'गुरुजी, माझं पाणी वेगळं हाय. बचत गटाचा हप्ता.' मग निवृत्त पोस्टमन आले, त्यांचा मुलगा सौदीला आहे आणि फोन आला नाही की त्यांच्या पोटात गोळा येतो. हळदीच्या पेढीवरचे एक दिवाणजी आले, त्यांची बायको कोरोनात गेली. ते वारकरी, आम्ही नमाजी. चालताना कुणी कुणाला उपदेश करायचा नाही, एवढा एकच नियम. ज्याचे त्याचे पाणी किती आले ते त्याने सांगायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. चारपाच चकरा होतात, सूर्य वर येतो, अंगाला घाम येतो. त्या रात्री झोप लागते. यात जादू काही नाही. थकलेल्या शरीराला झोप येते आणि मोकळ्या मनाला ती टिकते.

पुढे वाचनात आले की हे सगळे आपल्या परंपरेला नवे नाही. बल्खचे अबू झैद अल-बल्खी हे विद्वान साधारण ८५० ते ९३४ या काळात होऊन गेले. 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथात त्यांनी शरीराचे आरोग्य आणि मनाचे आरोग्य एकत्र मांडले. हकीम केवळ शरीराकडे पाहतात, अशी त्यांची तक्रार होती. भीती, दुःख, राग, वसवसे यांच्यावर त्यांनी उपचार सांगितले. माणूस घरात औषधे साठवून ठेवतो, तसे धीर देणारे विचार बऱ्या दिवसांतच साठवून ठेवावेत, वेळेला कामी येतात, असा त्यांचा सल्ला आहे. हजारएक वर्षांपूर्वी एका मुसलमान विद्वानाला मनाचे आजार हे आजार वाटत होते. आम्हाला ते ईमानाची कमजोरी वाटत होते! मागे कोण गेले?

आता आमच्या मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांखाली एक आकडा लिहिलेला असतो, १४४१६. सरकारची 'टेली-मानस' ही सेवा २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते, नाव सांगावे लागत नाही. पेशइमाम साहेबांनीच तो लिहायला लावला. ज्यांना बाकावर बसायची लाज वाटते त्यांनी निदान तेवढे करावे. आणि काळजी इतकी वाढली की जगणे नकोसे वाटू लागले, तर मग लाजही बाळगू नये आणि वाटही पाहू नये.

२०२४च्या जुलैत पाणी पुन्हा चढू लागले. ३० झाले, कागदाप्रमाणे गाद्या वर गेल्या. ३५ झाले, पिशवी दाराशी आली. ३८ला सून, नातू आणि पत्नी मिरजेला निघाल्या. नातू सात वर्षांचा झाला होता. त्याने आपली मोटार आणि रंगांची पेटी स्वतःच्या दप्तरात भरली, दाराच्या कागदावर बोट ठेवून आपली ओळ वाचली आणि म्हणाला, 'मेरा हो गया दादा.' त्याच्या आवाजात भीती नव्हती. काम झाल्याचा आवाज होता तो. आम्ही बाहेरच्या खोलीत बसून तो ऐकला आणि शुक्र अदा केला.

छाती त्या संध्याकाळी धडधडलीच. खोटे कशाला सांगू? तसबीह घेतली, ओट्यावर बसलो, श्वास सोडत राहिलो. लाट आली आणि ओसरली. पाणी इशारा पातळीच्या आसपास येऊन थांबले. आमच्या घरात आले नाही. आले असते तरी उंट बांधलेला होता.

इशानंतर दिवाणजींचा फोन आला. म्हणाले, 'गुरुजी, पाणी किती आलं?'

आम्ही विचारले, 'नदीचं की आमचं?'

ते हसले. आम्हीही हसलो. मग दोन्हींचे आकडे सांगितले आणि मुलाच्या हाती मोबाईल देऊन आडवे झालो. फजरच्या अजानपर्यंत जाग आली नाही.